बूट काढा, बूट घाला : दारावरच्या नियमाची गोष्ट

शनिवारी एखाद्या भारी रेस्टॉरंटमध्ये जायचं ठरतं आणि ग्रुपवर मेसेज येतो, 'चप्पल घालून येऊ नका रे, आत सोडत नाहीत.' आपण निमूटपणे बूट शोधायला लागतो. पण असले नियम येतात कुठून? आज मी तुम्हाला दोन किस्से सांगतो.

पहिला १८६२ सालचा. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एंटी नावाचे पारशी गृहस्थ असेसर होते. सरकारी इमारतीत शिरताना हिंदी माणसाने पादत्राणं काढायची, असा तेव्हा दंडक होता. युरोपियन पोशाख असेल तर सूट! माणेकजींनी बूट काढायला साफ नकार दिला. त्यांना आत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरला निषेधाचं पत्र धाडलं. तुम्ही देवळात आणि घरात काढताच की, असं साहेब म्हणायचा. त्यावर लोकांचं उत्तर होतं, कोर्ट म्हणजे कुणाचं घर नाही.

दुसरा किस्सा मुंबईचा. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी लोकांना मज्जाव असायचा, म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात दोघांनाही खुला असा विलिंग्डन क्लब निघाला. १९८८ साली याच क्लबाच्या दारात चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अडवलं. कारण काय, तर ते अनवाणी होते!

बघा गंमत. एकाला बूट होते म्हणून अडवलं, दुसऱ्याला नव्हते म्हणून. म्हणजे प्रश्न पायाचा नव्हताच. आतलं कोण आणि बाहेरचं कोण, हे दारावर ठरवायचं होतं.

पुढे २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबने मद्रास हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी, म्हणजे आपलं धोतर, नेसल्यामुळे आत घेतलं नाही. तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा केला. वेष्टी किंवा दुसरा भारतीय पारंपरिक पोशाख आहे म्हणून क्लबांनी कुणाला अडवलं, तर एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड.

आता सगळेच नियम वाईट, असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघरात टोपी हवीच, कारण जेवणात केस नको. पण पुढच्या वेळी दुकानाच्या नाहीतर हॉटेलच्या दारावर पाटी दिसली, तर स्वतःला एवढंच विचारा: ही पाटी कशाची काळजी घेतेय, आणि कुणाला बाहेर ठेवतेय?