पुणतांब्याचे रामचंद्र आणि क्यूबाचा बोंगो

पुणतांबे आपण ओळखतो ते गोदावरीमुळे आणि चांगदेवांच्या समाधीमुळे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या याच गावी १९१८ साली रामचंद्र चितळकर जन्मले. पुढे सारा देश त्यांना सी. रामचंद्र म्हणू लागला. शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांकडे, म्हणजे पक्के रागदारीचे. आणि याच गृहस्थांनी १९५१ च्या ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’ला बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी वाद्ये जोडली! तबकडी मिळाली तर एकदा शब्द बाजूला ठेवून नुसता ठेका ऐका.

बोंगो म्हणजे गुडघ्यांत धरून बोटांनी वाजवायची लहानमोठी जोडी. आपल्या संबळाची दूरची बहीण म्हणा ना. ती क्यूबाची. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेली माणसे तिथे उसाच्या मळ्यांत राबली, पण आपले ताल त्यांनी सोडले नाहीत. उसातले राबणे म्हणजे काय, हे नगरकडच्या वाचकाला सांगायला नको. १९४० नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्कला या तालांची जाझशी गाठ पडली.

गुरुजींनी वर्गात करून पाहावे. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा. टाळी मात्र पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर द्या. मुले आधी अडखळतील, मग डोलू लागतील. क्यूबात या ठेक्याला ‘क्लावे’ म्हणतात.

मुंबईच्या चित्रपटांत हा रंग आला तो बराचसा गोव्याच्या वादकांमुळे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवीत. ते रामचंद्रांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात.

कोणी म्हणेल, ही तर उसनवारी. आहेच! ‘समाधी’तल्या (१९५०) ‘गोरे गोरे’ची चाल एका अमेरिकन चित्रपटातल्या गाण्यावरून उचललेली आहे. पण ‘अलबेला’तच पिलूच्या अंगाची ‘धीरे से आजा री’ ही अंगाईही आहे, आणि दोन्ही गाणी त्याच माणसाची. मला खटकते ते निराळेच. कितीतरी गोवेकर वादकांची नावे श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

आणि आपल्या आकाशवाणीने तरी काय केले? १९५२ पासून चित्रपटगीतांना दार जवळजवळ लावूनच घेतले. लोक ही गाणी सिलोनवर ऐकत. १९५७ साली विविध भारती आली तेव्हा कुठे दार उघडले.

चिक चॉकलेट १९६७ साली गेले, सी. रामचंद्र १९८२ साली. ‘शोला’ पुन्हा लावाल तेव्हा ट्रंपेट कुठे शिरते तिकडे कान ठेवा. वाजवणाऱ्याचे नाव तबकडीवर शोधू नका. ते तिथे नाही.