इतिवृत्त आणि अविश्वास : नगरपालिकेच्या दोन कलमांचा इतिहास

नगरपालिकेच्या कायद्याकडे साहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. परंतु सभेत काय घडले हे कोणी व कसे लिहावे, आणि निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याला पदावरून कोणी व कोणत्या कारणाने दूर करावे, हे दोन प्रश्न शेवटी लेखनाशी येऊन भिडतात. म्हणूनच त्यांचा इतिहास आपल्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

यवतमाळची नगरपालिका 'इम्पीरियल गॅझेटियर'च्या नोंदीनुसार १८९४ सालची. तेव्हा जिल्ह्याचे नाव वणी होते. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. वऱ्हाड निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या ताब्यात, अशा दुहेरी व्यवस्थेमुळे येथील नगरपालिकांचा कायदाही मुंबई इलाख्याहून निराळा राहिला. पुढे मध्यप्रांताचा १९२२ चा नगरपालिका कायदा येथे लागू झाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य निर्माण झाले तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र या तिन्ही भागांत नगरपालिकांचे कायदे वेगवेगळे होते. त्यांना एकत्र आणणारा कायदा १९६५ चा. तो १९६७ च्या जूनमध्ये अंमलात आला. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड येथील नगरपरिषदांचा कारभार आजही त्याच कायद्याने, अर्थात अनेक दुरुस्त्यांसह, चालतो.

या कायद्याचे ८१ वे कलम सभेच्या कामकाजाचे आहे. उपस्थित सदस्यांची नावे आणि झालेले कामकाज लिहून ठेवावे, सदस्याने मागणी केल्यास ठरावाच्या बाजूने व विरुद्ध मत देणाऱ्यांची नावेही नोंदवावीत, असे ते सांगते. ५५ वे कलम अध्यक्षाला दूर करण्याविषयीचे आहे. सदस्यांनी मागणी करायची, विशेष सभा जिल्हाधिकाऱ्याने बोलवायची आणि तिच्या अध्यक्षस्थानी त्याने किंवा त्याच्या प्रतिनिधीने बसायचे, अशी त्याची मूळ योजना. ज्याच्या पदाचा निर्णय व्हायचा त्याच्या हाती सभेची सूत्रे राहू नयेत, हा त्यामागचा सरळ हेतू.

नगराध्यक्ष कोणी निवडावा, याबाबत मात्र राज्याचे मन कधीच स्थिर राहिले नाही. १९७४ साली जनतेने थेट निवड केली, पुढे ती सदस्यांकडे गेली; २००१ मध्ये पुन्हा थेट, २००६ मध्ये पुन्हा सदस्यांकडे; २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये ती रद्द आणि २०२२ मध्ये परत थेट. निवडणारा बदलला की दूर करणारा कोण, हा प्रश्नही नव्याने उभा राहतो. जनतेने निवडलेल्याला सदस्यांनी का हटवावे? आणि सदस्यांनी हटवायचे नसेल तर मंत्रालयाने का हटवावे? २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने हा अधिकार सदस्यांकडे देणारी दुरुस्ती मंजूर केली, ती याच पेचातून.

'५५ अ' या कलमाखाली गैरवर्तनाच्या कारणावरून शासनही अध्यक्षाला काढू शकते. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांविरुद्धचा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केला. लोकप्रतिनिधीला मुदतीपूर्वी काढणे म्हणजे त्याला निवडणाऱ्यांचाही हक्क हिरावणे होय. म्हणून कार्यपद्धती काटेकोर हवी आणि आदेशात कारणे नमूद हवीत, हे या निकालाचे सार. म्हणजे प्रश्न पुन्हा लेखनापाशीच आला.

आता आपल्या इतिवृत्तांची भाषा पाहा. 'ठरले', 'मंजूर झाले', 'सर्वानुमते संमत'. कोणी ठरवले, कोणी हरकत घेतली, कोण गप्प बसले? वाक्यातून कर्ता गळतो आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही. मराठीच्या प्रयोगव्यवस्थेत कर्त्याचा उल्लेख टाळण्याची मोठी सोय आहे. कारकुनी मराठीने तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पुढे कधी गैरवर्तनाची चौकशी निघाली, तर तो निर्णय अध्यक्षाचा की सभेचा, हे या भाषेतून कसे उकलणार? कर्ताच नोंदलेला नसेल तर निर्दोषाला बचाव नाही आणि दोषीला पकड नाही.

याउलट एक नोंद आठवावी. १८८० साली पुण्याला येणाऱ्या लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत, या प्रस्तावाला जोतीराव फुले यांनी एकट्याने विरोध केला. प्रस्ताव संमत झाला. परंतु विरोधी मत नावानिशी उरले आणि इतिहासाला ते संमत झालेल्या ठरावापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

अध्यक्षाला काढण्यासाठी किती सदस्यांच्या सह्या लागाव्यात, यावर पुढेही वाद होत राहतील आणि ते व्हावेतही. मात्र सभेच्या विषयपत्रिकेत प्रारंभीच येणारा 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा विषय एका दमात उरकला जातो, तोवर बहुमताचा कोणताही आकडा पुरेसा ठरणार नाही. ज्या सदस्याने विरोध केला, त्याने त्या क्षणी उठून 'माझे नाव लिहा' म्हणावे. कायद्याने तो हक्क त्याला दिलेला आहे.