नवव्या मॅसॅच्युसेट्स तोफपथकाच्या गमावलेल्या तोफा

तोफखान्याच्या पथकाची प्रतिष्ठा त्याच्या तोफांवरून जोखण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकातील सैन्यांत होता. पायदळास जसे निशाण, तशी गोलंदाजास तोफ. ती शत्रूच्या हाती पडली की पथकास बट्टा लागला असे समजत. अमेरिकेच्या यादवी युद्धातील नवव्या मॅसॅच्युसेट्स तोफपथकाने तर आपल्या पहिल्याच लढाईत ६ पैकी ४ तोफा गमावल्या. आम्हांस मात्र येथे ही मोजपट्टीच उलटी धरलेली वाटते.

ऑगस्ट १८६२ मध्ये स्वयंसेवकांचे हे पथक सेवेत दाखल झाले आणि राजधानी वॉशिंग्टनच्या रक्षणार्थ छावण्यांत पडून राहिले. शिस्त ढिली होती. १८६३ च्या आरंभी कॅप्टन जॉन बिगेलो याची नेमणूक झाली. हार्वर्डचा हा तरुण आदल्या वर्षी माल्व्हर्न हिलच्या लढाईत जखमी झालेला होता. त्याने अहोरात्र कवायत मांडली. स्वेच्छेने आलेल्या माणसास शिस्तीचा जाच दुप्पट वाटतो. नव्या कॅप्टनविषयी पथकात प्रेम नव्हते.

२ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे, जनरल सिकल्सने आपली फळी पीच बागेपर्यंत पुढे नेली होती. तिच्या आधारास बिगेलोच्या सहा बारा-पौंडी नेपोलियन तोफा उभ्या राहिल्या. सायंकाळी ती फळी कोसळली. पायदळ निघून गेले. घोडे जुंपून निघावे, तर तेवढ्यात शत्रू अंगावर येणार. तेव्हा तोफ आणि तिची घोडागाडी यांच्यामध्ये दोरखंड बांधला गेला. तोंड शत्रूकडेच ठेवून बार काढावयाचा, धक्क्याने तोफ मागे सरकली की ढिला दोर घोड्यांनी ओढून घ्यावयाचा, आणि पुन्हा बार. अशा रीतीने सुमारे ४०० यार्ड माघार घेत पथक ट्रॉसलच्या शेतवाडीपाशी दगडी गडग्याच्या कोपऱ्यात आले. ज्या कवायतीस लोक कंटाळले होते तिचा उपयोग येथे झाला.

सुटका तेथेही नव्हती. लेफ्टनंट कर्नल मॅकगिल्व्हरी याने येऊन सांगितले की, मागे मोठे खिंडार पडले असून ते बुजवावयास शिपाई नाहीत. आपण तोफांची नवी रांग उभी करीपर्यंत वाटेल ते मोल देऊन येथेच थांबावे. एकविसाव्या मिसिसिपी पलटणीवर छर्ऱ्यांचे डबे सुटू लागले. पलटणीचे लोक तोफांच्या अगदी जवळ येऊन भिडेपर्यंत मारा चालू होता. ८८ पैकी ८० घोडे मेले वा निकामी झाले. मग तोफा ओढून न्यावयाच्या कशाने? दोन तोफा तेवढ्या निघाल्या. १०४ जणांपैकी २८ ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

ही झुंज नेमकी किती मिनिटे चालली हा प्रश्न गौण नाही, कारण पथकाची सारी कामगिरी त्या मिनिटांतच आहे. मॅकगिल्व्हरी १८६४ मध्येच वारला. बिगेलोने आपले पुस्तक लिहिले ते १९१० मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनंतर. स्वतःच्या पथकाविषयी लिहिणाऱ्या सेनापतीचे घड्याळ आम्ही डोळे झाकून मानणार नाही. परंतु मागे प्लम रन ओढ्यापलीकडे तोफांची रांग उभी राहिली होती आणि पायदळाची कुमक पोहोचेपर्यंत तिने ते खिंडार राखले, याविषयी वाद नाही. गमावलेल्या चारही तोफा त्याच रात्री परत मिळाल्या.

जखमी बिगेलोस मागे आणले ते चार्ल्स रीड या बिगुलवाल्याने. पुढून आपल्याच तोफांचा मारा, पाठीशी शत्रू; त्यामधून कॅप्टनचा घोडा त्याने आवरून नेला. यासाठी सर्वोच्च लष्करी पदक त्यास १८९५ मध्ये मिळाले. हा रीड चित्रकारही होता. बिलिंग्ज याच्या ‘हार्डटॅक अँड कॉफी’ या १८८७ मधील सैनिकी आठवणींतली रेखाचित्रे त्याचीच.

पुढे पथक १८६४ च्या व्हर्जिनियातील मोहिमेत आणि पीटर्सबर्गच्या वेढ्यात लढले आणि जून १८६५ मध्ये विसर्जित झाले. छायाचित्रकार टिमथी ओ’सुलिव्हन लढाईनंतर थोड्याच दिवसांत ट्रॉसलच्या घरापाशी पोहोचला होता. त्याच्या काचेवर उमटले आहेत ते अंगणात ओळीने पडलेले या पथकाचे घोडे.