नीराकाठची इंजिने आणि बिनपाण्याचे कूलंट

बारामती तालुक्यातले कोऱ्हाळे बुद्रुक नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येते. इंजिन थंड कसे ठेवायचे, हा प्रश्न या पट्ट्यात हायब्रिड मोटारीच्या कितीतरी आधी विहिरीच्या काठावर उभा राहिला होता. आता हायब्रिड गाडीत बिनपाण्याचे कूलंट भरावे का, असे विचारले जाते. त्याचे उत्तर देताना तो जुना हिशेब उघडून पाहायला हवा, कारण बिनपाण्याच्या कूलंटची सगळी जाहिरात एका गृहीतकावर उभी आहे: पाणी हाच इंजिनाचा शत्रू. नीरा खोऱ्याचा अनुभव वेगळे सांगतो. इंजिने खराब झाली ती पाण्यात विरघळून आलेल्या क्षारांमुळे, आणि रोज नवे पाणी आत घेण्याच्या पद्धतीमुळे. ती पद्धत गेली तेव्हाच पाण्यावरचा आरोपही जायला हवा होता.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि भाटघरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. दुष्काळी मुलखात बारमाही पाणी आले, त्यामागून ऊस आला, गुऱ्हाळे आली. पण काळ्या, खोल, निचरा नसलेल्या जमिनीत पाझर मुरत राहिला, जमिनीखालचे पाणी वर चढले आणि आपल्याबरोबर मीठ घेऊन आले. चांगल्या रानांचे चोपण होऊ लागले. तक्रार इतकी वाढली की पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने तो १९१० साली पत्रिकेच्या रूपात काढला. तो अभ्यास पिकांसाठी होता, यंत्रांचा त्यात संबंध नव्हता. पण जे पाणी पिकाच्या मुळाशी मीठ सोडते, ते तापलेल्या लोखंडावरही थर सोडणारच.

हे दिसून आले ते मोटेच्या जागी तेलावरचे इंजिन आल्यावर. मानांची पत्रिका निघाली त्याच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिने बनू लागली आणि १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. विहिरीवरच्या इंजिनाला थंड ठेवायची युक्ती अगदी सोपी होती. पंपाच्या पाइपातून एक बारीक नळी काढून इंजिनाच्या जॅकेटला जोडायची. आतून तापून निघालेले पाणी थारोळ्यात पडायचे आणि पाटाने उसाला जायचे. रेडिएटर नको, पंखा नको. पाणी कायम ताजे आणि गार. मात्र याच सोयीत खोट होती. कठीण पाणी तापले की त्यातला चुना सुटतो आणि जॅकेटच्या भिंतीला धरतो. तो थर उष्णता अडवतो, म्हणजे बाहेर पाणी गार असूनही आतला सिलिंडर तापलेला. उलट पाणी फारच गार आणि भरपूर सोडले, तर सिलिंडर हवा तेवढा गरम होत नाही, डिझेलमधल्या गंधकाची आम्ले भिंतीवर जमतात आणि लायनर झिजतो. पिठाच्या गिरणीत किंवा चरकावर पंप नसायचा, तिथे शेजारी टाकी ठेवत. तापलेले पाणी वर चढायचे, गार खाली उतरायचे, फेरा आपोआप चालायचा. ही पद्धत एक पाऊल पुढची होती. पण टाकी उघडी, वाफ उडून जाई, क्षार मागे राहत. रोजच्या नव्या घागरीबरोबर त्यात भर पडे.

पाणी पूर्ण टाळणारा एक मार्गही या भागाला चांगला माहीत आहे, तो म्हणजे हवेवर थंड होणारे इंजिन. आयशरचे एअर-कूल्ड ट्रॅक्टर अनेकांनी वापरले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या पियाजिओच्या आपे रिक्षांनाही अनेक वर्षे हवेवरची डिझेल इंजिने होती. लहान, एका सिलिंडरच्या कामाला हे उत्तम. मोठ्या मोटारीत ते टिकले नाही.

बिनपाण्याचे कूलंट, म्हणजे पाण्याऐवजी ग्लायकॉल, हा तिसरा मार्ग, आणि तोही नवा नव्हे. १९३० च्या दशकात लढाऊ विमानांच्या इंजिनांत निखळ एथिलीन ग्लायकॉल वापरून झाले आहे. ते १९७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून कूलंट जास्त गरम ठेवता येते, रेडिएटर लहान होतो आणि विमानाला हवेचा अडथळा कमी. स्पिटफायरच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला तेच होते. पुढच्या आवृत्त्यांत मात्र रोल्स-रॉइसने ते सोडले आणि दाबाखालचे, सत्तर टक्के पाणी व तीस टक्के ग्लायकॉल असे मिश्रण घेतले. कारण साधे होते. खोलीच्या तापमानाला एक किलो पाणी एक अंश तापायला ४.१८ किलोज्यूल उष्णता घेते. निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल असेल तर सुमारे ३.४, निखळ ग्लायकॉल जेमतेम २.४. शिवाय ते पाण्याहून कितीतरी घट्ट असते आणि पेटूही शकते. जगण्यामरण्याचा प्रश्न असलेल्या इंजिनात ज्यांनी ते वापरून पाहिले, ते पाण्याकडे परत आले. माझ्या मते या वादातला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे.

आता हायब्रिड. १९९७ मध्ये जपानात आलेल्या प्रियसपासून २०२२ च्या ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉसपर्यंत या गाड्यांचे इंजिन मुळात कमी उष्णता वाया घालवते. चौथ्या पिढीच्या प्रियसच्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता टोयोटाने चाळीस टक्के सांगितली होती. ते सतत बंद-चालू होते, म्हणून त्याची अडचण बहुधा लवकर गरम होण्याची असते, उकळण्याची नाही. पाण्याचा पंपही २००९ च्या प्रियसपासून विजेवरचा आहे. त्याची ताकद ठरावीक पातळपणाचा द्रव धरूनच आखलेली असते. इन्व्हर्टरला वेगळा फेरा असतो आणि तो इंजिनापेक्षा बराच गार ठेवावा लागतो. कमी तापमानाला ग्लायकॉलचा घट्टपणा आणखी वाढतो. म्हणजे जिथे फेरा सर्वांत हलका हवा, तिथेच हा द्रव सर्वांत जड.

यावर बिनपाण्याच्या बाजूचे लोक म्हणतील, एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती पाण्याची वाफ होते आणि धातू उघडा पडतो. बुडबुडे होतात, हे खरे. पण ते होताना धातूची भरपूर उष्णता उचलतात आणि लगेच विरतात. ते एकत्र येऊन थर धरू नयेत म्हणूनच रेडिएटरच्या झाकणाखाली दाब राखलेला असतो. त्या दाबाखाली निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. मे महिन्यातल्या उन्हात दिवे घाट चढून सासवड-जेजुरीमार्गे कोऱ्हाळ्याला येणाऱ्या निरोगी गाडीला तेवढे पुरते. उलट बिनपाण्याच्या द्रवात सिलिंडर हेड जास्त तापलेले राहते. पेट्रोल इंजिनात त्याने ठोका (नॉकिंग) येण्याची प्रवृत्ती वाढते, संगणक ठिणगी मागे सारतो आणि ज्या मायलेजसाठी हायब्रिड घेतली, तेच थोडे कमी होते.

गंजाचा मुद्दा अधिक गंभीर. पाणी नाही, तर गंज नाही, कूलंट आयुष्यभर बदलायला नको, हे म्हणणे आकर्षक आहे. पण आजच्या कूलंटमध्ये क्षार काढलेले पाणी आणि गंजरोधक द्रव्ये असतात, फेरा बंद असतो. टोयोटाच्या अमेरिकेतल्या वेळापत्रकात प्रियसच्या इंजिनाचे कूलंट पहिल्यांदा दहा वर्षांनी किंवा एक लाख मैलांनी बदलायचे असते, इन्व्हर्टरचे त्याहूनही उशिरा. वाचणार काय आणि किती? शिवाय बिनपाण्याच्या द्रवासाठी जुने पाणी जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत काढावे लागते. मग एकदा रस्त्यात नळी फुटली आणि मेकॅनिकने बाटलीभर पाणी ओतले की सगळा खर्च फुकट. विजेच्या भीतीने बिनपाण्याचा द्रव हवा, हा युक्तिवादही टिकत नाही, कारण कूलंट बंद मार्गाने फिरते, तारांना शिवत नाही.

विहिरीचे पाणी ओतण्याची सवय मात्र खरोखर धोक्याची आहे, आणि ती या पट्ट्यात अजून गेलेली नाही. बंद फेऱ्यात चोपण रानातले पाणी दोनचारदा घातले की गंजरोधक द्रव्ये खर्ची पडतात आणि जुना थर परत येतो. त्यावर उपाय म्हणजे डिकीत कंपनीने सांगितलेल्या तयार कूलंटचा एक डबा ठेवणे.

बिनपाण्याच्या द्रवाला जागा नाहीच, असे नाही. वर्षातून मोजके दिवस बाहेर निघणाऱ्या, दाब सहन न होणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी ते विकले जाते आणि तिथे त्याचा उपयोग समजतो. शेजारच्या इंदापूर तालुक्यात कळंबला १९३४ मध्ये साखर कारखाना सुरू करणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची एखादी पद्मिनी कुणी हौसेने जपून ठेवली असेल, रेडिएटर जीर्ण असेल आणि गाडी फक्त दसऱ्याला बाहेर येत असेल, तर हा खर्च करायला हरकत नाही.