मंगळ वर्गात आला तेव्हा

अंतराळ मोहिमांच्या इतिहासात यानांच्या आणि शास्त्रज्ञांच्या नोंदी सापडतात. वर्गात बसून ती मोहीम जगलेल्या मुलांची नोंद सहसा होत नाही. अमेरिकेत १९९६-९७ मध्ये झालेला 'लाइव्ह फ्रॉम मार्स' हा उपक्रम त्याला अपवाद आहे.

कार्ल सेगन यांच्या 'कॉसमॉस' मालिकेवर काम केलेले जॉफ हेन्स-स्टाइल्स 'पासपोर्ट टू नॉलेज' या नावाने शाळांसाठी अशी प्रक्षेपणे करीत. आधी अंटार्क्टिका, मग हबल दुर्बीण. हबलचा थोडा वेळ तर चक्क विद्यार्थ्यांसाठी राखला गेला आणि नेपच्यून व प्लूटो पाहावे असे त्यांच्याशी चर्चा होऊन ठरले. त्यानंतर पाळी आली मंगळाची.

४ डिसेंबर १९९६ रोजी 'पाथफाइंडर' निघाले. त्याच्या सात महिन्यांच्या वाटेसोबत हे कार्यक्रमही चालले. पडद्यावर शास्त्रज्ञ बोलत, शाळांतली मुले थेट प्रश्न विचारीत. उरलेले प्रश्न ईमेलने जात आणि त्यांना उत्तरे येत. अभियंते आपल्या रोजच्या कामाची दैनंदिनी मुलांसाठी लिहीत.

यातली खरी गंमत वेगळीच होती. पाठ्यपुस्तकातल्या गणिताचे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले असते. इथे ते कोणाकडेच नव्हते. त्याच नोव्हेंबरात रशियाचे 'मार्स ९६' पृथ्वीची कक्षाही ओलांडू शकले नव्हते. हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेले पाथफाइंडर मंगळावर आपटून, उसळ्या मारून शाबूत राहील काय, हे शास्त्रज्ञांनाही सांगता येत नव्हते. ही धाकधूक मुलांपासून लपवली गेली नाही. विज्ञान म्हणजे काय, हे त्यांना तिथे कळले असणार.

४ जुलै १९९७ ला यान सुखरूप उतरले. मंगळावरून संदेश यायला त्या दिवशी सुमारे १० मिनिटे ४० सेकंद लागत होती. म्हणजे 'थेट' हा शब्दही प्रकाशाच्या वेगाने बांधलेला! त्यातली 'सोजर्नर' गाडी सात दिवसांच्या बेताने पाठवली होती, ती पुढे जवळजवळ तीन महिने उपयोगी पडली. तिचे नावही बारा वर्षांच्या एका मुलीने निबंध स्पर्धेत सुचवलेले.

आपल्याकडेही १९७५-७६ मध्ये नासाच्याच उपग्रहावरून 'साइट' योजनेखाली सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. शेजारचे कर्नाटक त्यात होते. मात्र तिथे पाहणे होते, विचारणे नव्हते. त्या योजनेचे एक सूत्रधार प्रा. यशपाल पुढे दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना दिसले, तेव्हा कुठे पडद्याला कान फुटले.

२०१४ मध्ये आपले मंगळयान कक्षेत पोहोचले आणि आपण टाळ्या वाजवल्या. पुढचे यान वाटेत असतानाच डिचोलीच्या किंवा काणकोणच्या मुलाला शास्त्रज्ञांना विचारता यावे, "नाही पोहोचले तर?" टाळ्यांपेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे.