लक्ष्मीबाई टिळक : नाशिकची एक आजी

नाशिक म्हटलें कीं रामकुंड, काळारामाचें देऊळ आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु याच गांवाला लागून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनीं शरणपूर ही वसाहत वसविली. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें शिकत. १८७३ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह समुद्रकांठापर्यंत पोंचविणाऱ्यांत या नाशिकचे विद्यार्थी होते. तो विषय मोठा आहे आणि आजचा नव्हे. तीर्थक्षेत्राच्या सावलींतच ख्रिस्ती नाशिकही वाढत होतें, एवढें लक्षांत असूं द्यावें. कारण आज ज्या आजीबाईंची आठवण करावयाची आहे, त्यांचें आयुष्य या दोन्ही नाशिकांमध्यें गेलें.

त्यांचें नांव लक्ष्मीबाई टिळक. माहेरचें नांव मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ सालीं, गोदावरीच्या कांठीं जलालपुरास. आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या बंडांत फांशी झाली. त्या धक्क्यानें मनकर्णिकेच्या वडिलांना सोवळ्याचें वेडच लागलें. बाजारांतून आलेलें मीठसुद्धां धुतल्याशिवाय घरांत घेतलें जात नसे. मीठ धुतल्यावर उरतें किती, हा प्रश्न त्या घरांत कोणी विचारला असेल असें वाटत नाहीं! अकराव्या वर्षीं मुलीचें लग्न झालें. वर नारायण वामन टिळक. कवि, विद्वान, तापट, हातीं पैसा न टिकणारे. अशा माणसाचा संसार करणें हीच एक तपश्चर्या होती.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीच्या दृष्टीनें हें आभाळ कोसळणेंच होतें. नवरा जिवंत असून घर गेलें. पदरीं चार वर्षांचा दत्तू. आप्तांच्या आश्रयानें त्या पंढरपुरास जाऊन राहिल्या. नवऱ्याकडे जावें तर धर्म जातो, न जावें तर संसार जातो, आणि दोहोंपैकीं कांहीं केलें तरी मुलाचें काय हा प्रश्न उरतोच. लक्ष्मीबाईंच्या चरित्रांतील हा काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पतीनें धर्म बदलला म्हणून पत्नीनेंही बदलला, असें त्यांच्याविषयीं बोलण्याचा प्रघात आहे. तो खरा नाहीं. पांच वर्षें त्या अडून राहिल्या. पतीजवळ राहावयास आल्यावरही आपली चूल आणि आपलें पाणी त्यांनीं वेगळेंच ठेवलें. टिळकांनींही, त्यांच्या तापट स्वभावाचा विचार करतां आश्चर्य वाटावें इतक्या संयमानें, त्यांना तें ठेवूं दिलें.

पुढें जें घडलें तें कोणाच्या प्रवचनानें घडलें नाहीं. जाति देवानें केल्या कीं माणसानें, एवढाच प्रश्न बाईंनीं स्वतःला विचारला. देवानें माणूस केला, जाती माणसानें केल्या, असें उत्तर मनांत उमटतांच कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. धुतलेल्या मिठाच्या घरांतील मुलगी ती! १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधीं विटाळ गेला आणि मग धर्म बदलला. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतर अहमदनगरास प्लेगच्या छावणींत त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. पोरक्या मुलांना घर दिलें. टिळकांकडे राहावयास आलेल्या बालकवि ठोंबऱ्यांवर त्यांनीं आईची माया केली. दारीं आलेल्या प्रत्येकाला टिळक घरांत घेत आणि त्याच्या जेवणाची काळजी लक्ष्मीबाईंना पडे.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरें राहिलें होतें. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईनें तें हातीं घेतलें आणि सुमारें चौसष्ट अध्याय रचले. हें धाडस त्यांना कसें झालें? मला वाटतें, त्या जुन्या घरांतून वाचल्या जाणाऱ्या पोथ्यांची ओवी बायकांच्या कानांत मुरलेली असे. लिहितां न येणाऱ्या बाईलाही तिची चाल ठाऊक असे. टिळक स्वतः म्हणत कीं आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों. गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं 'ख्रिस्तपुराण' छापलें तेंही ओवींतच. मराठींत देवाचें चरित्र सांगावयाचें तर ओवीवांचून गति नाहीं, हें त्या विद्वान् जेझुइटाला कळलें होतें आणि या निरक्षरप्राय बाईलाही.

उत्तरायुष्यांत त्या नाशिकास राहिल्या. मुलगा देवदत्त आणि सून रूथ यांच्या घरांत त्या आतां आजी होत्या. त्याच काळांत, मार्च १९३० पासून, काळारामाच्या दारीं अस्पृश्यांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह चालला होता. ज्या विटाळाचा निकाल आजींनीं आपल्यापुरता तीस वर्षांमागें लावला होता, तोच त्यांच्या गांवांत देवळाचीं दारें अडवून उभा होता.

देवदत्तांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईला आठवणी लिहून देण्यास सांगितलें. चरित्र टिळकांचें व्हावयाचें तें बाजूला राहिलें आणि 'स्मृतिचित्रें' झालीं. प्रथम 'संजीवनी' साप्ताहिकांत तीं येऊं लागलीं. पहिला भाग पुस्तकरूपानें १९३४ सालीं निघाला. भाषा घरांतली, आजीनें नातवंडांना गोष्ट सांगावी तशी. पतीचे दोष झांकले नाहींत, स्वतःची फजिती तर मुळींच नाहीं. धर्मांतरासारख्या विषयावर लिहितांना ना हिंदूंवर आग पाखडली, ना ख्रिस्ती लोकांची भलावण केली. भक्तीनें माणूस गंभीर होतो अशी आपली समजूत आहे. या बाई भक्तिमान होत्या आणि मनमुराद हंसतही होत्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास त्यांचें देहावसान झालें. चौथा भाग पुरा व्हावयाचा होता. तो देवदत्तांनीं पुरा केला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं पुढें आजीचें हें लिखाण पुन्हां तपासून, टिपा जोडून त्याची संपूर्ण आवृत्ति सिद्ध केली.