खांब सर्वांचा, पाटी कोणाची?

नगरच्या माळीवाड्यातून १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याला निघाली, हे आपण नगरकर अभिमानाने सांगतो. एस.टी.मुळे आणखी एक गोष्ट झाली. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी माणसे वाट पाहत उभी राहू लागली. उभ्या माणसाला वाचायला वेळ असतो. जाहिरात करणाऱ्याला याहून काय हवे?

त्याआधी गावात निरोप फिरे तो दवंडीने. कोतवाल चावडीपासून वेशीपर्यंत जाई आणि साऱ्याचा, सभेचा निरोप देई. ऐकणारे त्याच गावचे आणि निरोपही त्यांच्याच कामाचा. रस्त्यावर खांब आले तसे दवंडीचे काम हळूहळू खांबांनी उचलले. माझ्या लहानपणी मढीची यात्रा जवळ आली की पाथर्डीकडच्या रस्त्याला खांबाखांबावर तंबूतल्या सिनेमाची पोस्टरे खळीने चिकटवलेली दिसत. त्यांच्याच वर पत्र्याच्या पाटीवर पेंटरने रंगवलेला बाण असे, आणि खाली शिकवणीचा किंवा चष्म्याच्या दुकानाचा पत्ता. वर्तमानपत्रातली जाहिरात ज्याला परवडत नसे, त्या दुकानदाराला खांबाचा आधार होता. साऱ्या जिल्ह्याने वाचावे, असे त्याचे म्हणणेच नसे. चार गल्ल्यांनी वाचले तरी पुरे.

पण खांब त्याच्या मालकीचा नव्हता. हा पेच जगभर जुना आहे. बर्लिन शहरात भिंती, झाडे, कुंपणे पत्रकांनी भरून गेली, तेव्हा अर्न्स्ट लिटफास या मुद्रकाने पोलिसांची परवानगी मिळवून १८५५ मध्ये खास जाहिरातींसाठी गोल स्तंभ उभारले. चिकटवायचे ते तिथेच. पुढे १९६४ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात झां-क्लोद देको यांनी स्वतःच्या खर्चाने बसथांबे बांधून दिले, त्यांची देखभाल अंगावर घेतली आणि मोबदल्यात थांब्यावर जाहिराती लावण्याचा हक्क घेतला. सावली लोकांना, नफा कंपनीला. आपल्याकडच्या महापालिकांनीही पुढे याच रीतीने निविदा काढून थांबे बांधून घेतले आणि दिव्याच्या खांबांवरच्या चौकटी भाड्याने दिल्या.

हिशेब सरळ आहे. खांब सर्वांच्या करातून उभा राहतो, तेव्हा त्याचे भाडेही सर्वांच्या तिजोरीत यायला हवे. फ्लेक्स आला आणि हा हिशेब बिघडला. पेंटरला एका पाटीला दोन दिवस लागत. फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सारे काही खांबावर! परवानगी नाही, भाडे नाही. तारेने बांधलेला फलक वाऱ्याने फाटून लोंबत राहतो आणि दिवा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनला आधी तो कापावा लागतो. त्याच्या जिवाशी हा खेळ आहे.

कायदा नाही असे नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलक हटवण्याचे सविस्तर आदेश दिले. तरीही १३ मे २०२४ रोजी वादळात घाटकोपरचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. खांबावरची पाटी लहान असते हे खरे. पण परवानगी न विचारण्याची सवय तीच.

एक गोष्ट मी प्रत्येक निवडणुकीत पाहतो. आचारसंहिता लागली की खांब दोन-तीन दिवसांत मोकळे होतात. म्हणजे माणसे आहेत, शिडी आहे, अधिकारही आहे. मग एरवी काय अडते?

२००३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, २०२४ मध्ये शहर अहिल्यानगर झाले. आता एवढेच व्हावे : कोणता खांब कोणाला, किती दिवसांसाठी, किती भाड्याने दिला, याची यादी प्रभागात लावावी. शिकवणीवाल्याला आणि चष्मेवाल्याला परवडेल असा दर ठेवावा. म्हणजे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाही विचारता येईल, या पाटीचे भाडे भरले आहे का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)